समलिंगी विवाह: 'मूलभूत हक्क नाही' म्हणजे नेमकं काय नाही? आणि कागदावर आज काय होऊ शकतं?

रानजाई

समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता मागणाऱ्या सुप्रियो खटल्याचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल १७ ऑक्टोबर २०२३ ला लागला आणि फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. तेव्हापासून दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, 'कोर्टाने नाही म्हटलं, विषय संपला.' दुसरं, 'मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र केलं की लग्नाचं सगळं मिळतंच, मग लग्नाचा हट्ट कशाला?' दोन्ही अर्धवट वाटतात. जाणकारांना तीन प्रश्न:

१. नवतेज जोहर निकालाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून (जे अशा संबंधांना गुन्हा ठरवत होतं) समलिंगी संबंध वगळले, तेही समानता आणि प्रतिष्ठेच्या नावाने. मग पाच वर्षांत त्याच न्यायालयाने विवाहाला नकार कोणत्या तर्काने दिला?

२. अमेरिकेतल्या लव्हिंग निकालाचा (वेगवेगळ्या वंशांतल्या व्यक्तींचा विवाह) दाखला सारखा दिला जातो. तो आपल्याकडे टिकतो का?

३. महाराष्ट्रात राहणाऱ्या जोडप्याने कोणते कागद करावेत आणि ते कुठे अडतात?

संस्कृती बुडाली की तरली हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

परिशिष्ट

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

२०१८ ला मागणी होती की सरकारने आमच्या मधून बाजूला व्हावं. २०२३ ला मागणी होती की सरकारने आमच्या नात्यावर शिक्का मारावा. पहिल्यात राज्यसंस्थेने हात आवरायचा असतो, दुसऱ्यात हात पुढे करायचा असतो. सगळा खटला या फरकावर फिरला. जोहर निकालातच सरन्यायाधीश मिश्रा यांनी लिहून ठेवलं होतं की साहचर्य म्हणताना आम्ही विवाहाबद्दल बोलत नाही. म्हणजे दार तेव्हाच अर्धं लोटलेलं होतं.

पाच न्यायमूर्ती, चार निकालपत्रं. दोन मुद्द्यांवर पाचही जण एकमताचे: राज्यघटनेत विवाहाचा स्वतंत्र मूलभूत हक्क नाही, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा न्यायालय रद्दही करणार नाही की त्यात शब्द घालून तो वाढवणारही नाही. वर्तमानपत्रांत '३ विरुद्ध २' आलं ते पुढच्या मुद्द्यांवर. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले की विवाह नसला तरी दोन व्यक्तींना एकत्र येण्याचा हक्क आहे आणि त्या नात्याला मान्यता देणं राज्यसंस्थेचं कर्तव्य आहे. दत्तकाबाबत २०२२ च्या नियमांतलं ५(३), म्हणजे दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक संबंधाची अट, त्यांनी घटनाबाह्य ठरवली. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांनी दोन्ही नाकारलं. ते बहुमत.

न्या. भट यांचा युक्तिवाद असा: विवाह ही राज्यसंस्थेच्या आधीची सामाजिक संस्था आहे, निवडीचं स्वातंत्र्य मान्य आहे, पण त्या निवडीसाठी नवी कायदेशीर चौकट उभारा असा आदेश न्यायालय देऊ शकत नाही. मात्र पुढे त्यांनीच लिहिलं की भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, विमा असे लाभ विवाहाच्या शब्दाला बांधल्यामुळे या जोडप्यांवर अप्रत्यक्ष भेदभाव होतो, आणि तो दूर केला पाहिजे. मला हा निकालातला सर्वांत कच्चा सांधा वाटतो. भेदभाव आहे हे मान्य, उपाय मात्र मंत्रिमंडळ सचिवांच्या समितीकडे. मूलभूत हक्काच्या भंगावर समिती हे उत्तर असेल, तर अनुच्छेद ३२ (मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची सोय) कशासाठी ठेवलंय?

एक गोष्ट लोक विसरतात. पारलिंगी व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल तर तिला सध्याच्या कायद्यांनुसार लग्न करता येतं, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाने एप्रिल २०१९ मध्येच हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू' या शब्दात पारलिंगी स्त्री येते असं म्हटलं होतं. निबंधक कार्यालय अशा जोडप्याला 'सुप्रियोमुळे होणार नाही' म्हणून परत पाठवत असेल, तर ते निकालाच्या उलट वागतंय. नकार लेखी मागा.

तराजू

परिशिष्ट यांच्याशी सहमत नाही. सांधा कच्चा असेल, पण दुसरीकडचा खड्डा जास्त खोल होता.

विशेष विवाह कायद्याच्या कलम ४ ची सुरुवात 'कोणत्याही दोन व्यक्ती' अशी आहे. याचिकाकर्त्यांची सगळी भिस्त त्यावर होती. पण त्याच कलमाच्या (क) मध्ये पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षं पूर्ण हवीत. दोन पुरुष असतील तर दोघांना २१, दोन स्त्रिया असतील तर १८, इथवर ठीक. पुढे या. कलम २७(१अ) मधली घटस्फोटाची जादा कारणं फक्त पत्नीला. ३६ आणि ३७ खालची पोटगी फक्त पत्नीला. अर्ज कुठल्या न्यायालयात करायचा, त्यात कलम ३१ ने दिलेली सवलतही पत्नीला. दोन पुरुषांच्या लग्नात यातलं काय कुणाला लागू करायचं? सगळीकडे 'जोडीदार' लिहिलं तर पोटगीच्या दाव्यात नवराही बायकोविरुद्ध उभा राहणार, आणि ज्या बायकांसाठी ही कलमं आहेत त्यांचंच संरक्षण पातळ होणार. हा न्या. भट यांचा मुद्दा होता आणि तो हवेतला नाही.

शिवाय कलम २१ आणि २१अ वारसाहक्काचा धागा थेट भारतीय वारसा कायदा आणि हिंदू वारसा कायद्याला जोडतात. एक शब्द ओढला की सगळी वीण हलते. न्या. कौल यांना तर हा कायदा अनुच्छेद १४ चा भंग करतो असं वाटत होतं. तरी त्यांनीही शब्द घालायला नकार दिला तो याच गुंत्यामुळे.

परिशिष्ट

गुंता खरा आहे. पण गुंता आहे म्हणून हक्क नाही, हे उलटं गणित झालं. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या फुरी खटल्यात १ डिसेंबर २००५ ला हाच गुंता पाहिला. त्यांनी हक्काचा भंग झाल्याचं जाहीर केलं, आदेश एक वर्ष स्थगित ठेवला आणि संसदेला सांगितलं की या मुदतीत कायदा करा, नाहीतर विवाह कायद्यात 'किंवा जोडीदार' हे शब्द आपोआप धरले जातील. संसदेने मुदत संपता संपता, नोव्हेंबर २००६ च्या शेवटी, कायदा केला. पोटगीची कलमं कशी लिहायची ते संसदेनेच ठरवलं. हक्क न्यायालयाने सांगायचा आणि तपशील विधिमंडळाने भरायचा, हा मधला रस्ता आपल्याकडे कुणी चोखाळलाच नाही.

तराजू

मधला रस्ता होता हे मान्य. पण तिथल्या घटनेच्या कलम ९ मध्ये लैंगिक कल हा शब्द छापलेला आहे. आपल्या अनुच्छेद १५ मध्ये नाही. 'लिंग' या शब्दातून तो जोहर निकालाने काढला. पाया थोडा वेगळा आहे, एवढंच.

उपोद्घात

लव्हिंगबद्दल.

१२ जून १९६७ चा तो एकमताचा निकाल. तेव्हा १६ राज्यांत असे विवाह बेकायदा होते. व्हर्जिनियात त्या जोडप्याला एक वर्षाची शिक्षा झाली होती, आणि २५ वर्षं राज्याबाहेर राहाल तर ती स्थगित, अशी अट होती. या फौजदारी बाजूमुळे आपल्याकडे म्हणतात की तुलना लागू नाही, इथे कुणी तुरुंगात जात नाही.

तुलनेचा कामाचा भाग दुसरा आहे. व्हर्जिनियाचं म्हणणं होतं की कायदा गोऱ्यांना आणि काळ्यांना सारखाच लागू आहे, दोघांनाही दुसऱ्या वंशात लग्न करता येत नाही, मग भेदभाव कुठे? न्यायालयाने विचारलं की वर्गीकरणाचा आधार काय? आधारच वंश असेल, तर दोन्ही बाजूंना सारखा चटका बसतो म्हणून तो माफ होत नाही. आपल्याकडचं 'समलिंगी व्यक्तीलाही विरुद्धलिंगी लग्न करता येतंच की' हे वाक्य त्याच साच्यातलं आहे, आणि त्याला तेच उत्तर लागू पडतं. तेवढ्यापुरती तुलना पक्की. न्यायालयाने संस्थेची व्याख्या बदलावी का, या प्रश्नावर मात्र ती कमी पडते. व्हर्जिनियात स्त्री-पुरुष विवाहाची चौकट तयारच होती, फक्त दारावरचा पहारा काढायचा होता. तराजू म्हणतात तो कलमांचा गुंता तिथे नव्हता.

आणि दाखल्यासाठी अटलांटिक ओलांडायची गरजही नाही. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात लग्न करायचं तर दोघांनाही 'मी हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणी नाही' असं जाहीर करावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात धर्म न नाकारता लग्न करता येऊ लागलं. वेगवेगळ्या जातींतल्या हिंदूंची लग्नं देशभर निर्विवाद वैध झाली ती १९४९ च्या कायद्याने. पुरोहिताशिवायच्या स्वाभिमान विवाहांना तामिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७अ घालून मान्यता दिली, तीही पूर्वलक्षी. म्हणजे 'विवाहाची व्याख्या अनादि आहे' हे विधान आपल्याच कायद्यांच्या इतिहासात टिकत नाही. पण हे सगळे बदल विधिमंडळांनी केले, न्यायालयांनी नाही. हा इतिहास दोन्ही बाजूंना वापरता येतो, आणि वापरणाऱ्याने दोन्ही अर्धे सांगावेत.

रानजाई

उत्तम. आता तिसरा प्रश्न, कुणी दस्तांच्या कामातलं असेल तर.

दस्तनोंद

आधी एक कसोटी, म्हणजे यादी पाठ करावी लागणार नाही. काही कायदे विचारतात, 'तुम्हाला कोणाला द्यायचंय?' तिथे कागद चालतो. काही विचारतात, 'त्याचं तुमचं नातं काय?' तिथे कितीही जाड बाँडपेपर आणा, कागद अडतो. मृत्युपत्र पहिल्या प्रकारात. करसवलत, दत्तक, अवयवदान दुसऱ्या प्रकारात. म्हणून 'कागद केला की सगळं मिळतं' हे चूक, आणि 'काहीच मिळत नाही' हेही चूक.

मृत्युपत्र. हे नसेल तर जोडीदार कायद्याच्या नजरेत परका. अविवाहित हिंदू पुरुषाची मालमत्ता आधी आईला, आई नसेल तर वडिलांना आणि पुढे भावंडांकडे जाते. अविवाहित स्त्रीची आईवडिलांना मिळून. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार हवेत आणि दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण घरचे आव्हान देतील अशी शंका असेल तर कराच, आणि त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. 'माझी पत्नी' किंवा 'माझा पती' असं लिहू नका. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता लिहा, कारण नात्याचा शब्द खोटा ठरवून दस्तावर शंका घेता येते. आईवडिलांना का वगळलं किंवा कमी का दिलं ते दोन ओळींत लिहा. शेवटी 'यात न लिहिलेली आणि पुढे मिळणारी सर्व मालमत्ता' असं कलम हवंच, ते राहून गेलं तर नंतरची एफडी थेट वारसांकडे जाते. दोघांचं मिळून एक मृत्युपत्र करू नका, दोन स्वतंत्र करा.

धर्म पाहून घ्या. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचं मृत्युपत्र नंतर लग्न केल्यास आपोआप रद्द होतं. घरच्यांच्या दबावाखाली लग्न झालेल्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं.

बँक आणि नॉमिनी. केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला बंदी नाही. शाखेत काउंटरवर अडवलं तर तारखेसह हे दाखवा. पण नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. सर्बती देवी (१९८४) आणि शेअर्सबाबत शक्ती येझदानी (डिसेंबर २०२३) हे दोन्ही निकाल तेच सांगतात. विम्यात आणखी एक पाचर आहे. विमा कायद्याच्या कलम ३९(७) मुळे आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते. जोडीदार त्या यादीत नाही. म्हणून प्रत्येक नॉमिनेशनच्या मागे मृत्युपत्रात तीच रक्कम, तोच पॉलिसी क्रमांक हवा.

फ्लॅट. इथे महाराष्ट्रात सर्वाधिक चुका होतात. सहकारी संस्था कायद्याच्या प्रकरण १३ब मध्ये 'सहयोगी सभासद' कोण होऊ शकतो याची नातेवाइकांची यादी आहे: पती, पत्नी, आईवडील, भावंडं, मुलं, जावई, सून, पुतणे-भाचे. जोडीदार बसत नाही. 'संयुक्त सभासद' होण्याला मात्र नात्याची अट नाही, भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) दुसरं नाव असलं की झालं. म्हणून खरेदीखत पहिल्यापासून दोघांच्या नावे करा, हिश्शाची टक्केवारी लिहा, आणि ज्याने जेवढे पैसे दिले तेवढे त्याच्या खात्यातून गेलेले दिसू द्या. संस्थेत अर्ज 'संयुक्त' म्हणून भरा. सचिव सवयीने सहयोगीचा फॉर्म पुढे करतो आणि मग नातं विचारून नाकारतो.

दोन नावं आहेत म्हणजे एकाच्या मागे दुसऱ्याला सगळं मिळतं, असं नाही. मृताचा हिस्सा त्याच्या वारसांना जातो. मृत्युपत्र नसेल तर जोडीदार आणि मृताचे आईवडील एकाच फ्लॅटचे सहमालक होतात, आणि भांडण तिथून सुरू होतं. संस्थेकडचा नॉमिनी कलम १५४ब-१३ प्रमाणे तात्पुरता सभासद असतो, पुढचं हस्तांतर मृत्युपत्रावर किंवा वारसा दाखल्यावर.

नंतर 'बक्षीसपत्र करून देतो' हा विचार महागात पडतो. राहतं घर पती-पत्नीला किंवा मुलांना बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. जोडीदाराला दिलं तर बाजारभावावर खरेदीखताइतकं पूर्ण. वर आयकर कायद्याने (१९६१ च्या कायद्यात कलम ५६(२)(x)) वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, कारण तो व्याख्येतला 'नातेवाईक' नाही. या तरतुदीला २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर हा कर नाही, म्हणून पुन्हा मृत्युपत्रच.

रुग्णालय. साधं मुखत्यारपत्र रुग्ण बेशुद्ध पडला की निरुपयोगी. करार कायद्याच्या कलम २०१ ने देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की अधिकार संपतो, आणि आपल्याकडे क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र नाही. नेमकं गरजेच्या वेळी ते मरतं. म्हणून दोन वेगळे कागद. एक, वैद्यकीय इच्छापत्र: सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या सुधारित सूचनांनुसार दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे, त्यात निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. हे बरं न होणाऱ्या आजारात उपचार थांबवण्यापुरतं आहे, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला नाही. दुसरा, मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १४: साध्या कागदावर सही करून कोणालाही नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतं, नात्याची अट नाही. हा फुकटचा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा कागद आहे. अवयवदानात जोडीदार 'जवळचा नातेवाईक' नाही, त्यामुळे प्राधिकृत समितीची परवानगी लागते. तिथे एकत्र राहण्याचे जुने पुरावे कामी येतात: संयुक्त खातं, भाडेकरार, एकाच पत्त्यावरची बिलं.

मूल. जोडपं म्हणून दत्तक नाही, एकट्याने घेता येतं. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. दुसऱ्या जोडीदाराचं त्या मुलाशी कायदेशीर नातं शून्य, म्हणून दत्तक पालकाने मृत्युपत्रात त्याला पालक नेमून ठेवावं.

नोटरीकडचं 'विवाहाचं प्रतिज्ञापत्र' करून पैसे घालवू नका. सहजीवनाचा करार पुरावा म्हणून थोडाफार उपयोगी, हक्क म्हणून नाही.

मांडवीतीर

दस्तनोंद यांच्या यादीत गोव्याची पुरवणी. तिथला १९१० चा विवाहविषयक कायदा विवाहाची व्याख्याच 'भिन्नलिंगी दोन व्यक्तींमधला करार' अशी करतो, म्हणजे अर्थ लावायला जागाच नाही. मोठी अडचण मृत्युपत्राची. गोव्यात मुलं किंवा आईवडील हयात असतील तर त्यांचा राखीव हिस्सा निम्मा, तुम्हाला फक्त उरलेल्या निम्म्याचं मृत्युपत्र करता येतं. २०१९ च्या कुतिन्हो निकालाने हे गोंयकाराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही लागू केलं. तेव्हा मूळ गोव्याच्या आणि पुण्यात फ्लॅट घेतलेल्या व्यक्तीने 'सगळं जोडीदाराला' असं लिहिलं तर अर्धं उडतं. त्यांच्यासाठी खरेदीच्या वेळीच जोडीदाराचा हिस्सा त्याच्या स्वतःच्या पैशातून लिहून घेणं हाच भरवशाचा मार्ग.

रानजाई

पीएफचं राहिलं. आई अवलंबून असेल तर जोडीदाराचं नाव टाकता येतं का?

दस्तनोंद

इथे दोन योजनांच्या दोन व्याख्या आहेत आणि लोक एकच समजतात. १९५२ च्या पीएफ योजनेत 'कुटुंबा'त अवलंबून असलेले आईवडील येतात. कुटुंब असेल तर त्याबाहेरचं नामांकन अवैध, म्हणून आई अवलंबून असताना जोडीदाराचं नाव टिकणार नाही. आईवडील स्वतःच्या निवृत्तिवेतनावर असतील, म्हणजे अवलंबून नसतील, तर अविवाहित सभासदाला कोणाचंही नाव देता येतं. ग्रॅच्युइटीचा नियम याच धर्तीवर, आणि कर्मचारी ठेवसंलग्न विमा पीएफच्या नामांकनामागे जातो.

१९९५ च्या पेन्शन योजनेत मात्र 'कुटुंब' म्हणजे फक्त पती किंवा पत्नी आणि मुलं. आईवडील त्यात नाहीत. त्यामुळे अविवाहित, मूल नसलेल्या सभासदाला आई अवलंबून असली तरी पेन्शनसाठी जोडीदाराला नॉमिनी करता येतं. नामांकन केलंच नाही तर ती रक्कम अवलंबून वडिलांना, मग आईला. ई-नॉमिनेशन भरताना पीएफ आणि पेन्शन हे दोन्ही भाग वेगवेगळे भरलेत का ते तपासा. पहिल्या भागात आई आणि दुसऱ्यात जोडीदार, असं भरणं नियमात बसतं.